सोन्याचे आणि दगडाचे पारखी : रॉबर्ट ब्रूस फूट

आपल्या देशातून एके काळी सोन्याचा धूर निघत असे, ही गोष्ट आजीआजोबांच्या तोंडून ऐकली नाही असा मुलगा किंवा मुलगी विरळाच. बडोद्याच्या मुलांना तर या गोष्टीवर विश्वास ठेवणे अधिकच सोपे जाते. कारण महाराज मल्हारराव गायकवाड यांनी आपल्या कारकिर्दीत सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या होत्या आणि त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती. परंतु हे सोने येते कोठून, भूमीच्या पोटात ते कोठे दडलेले असते, आणि त्याचा शोध घेणारा माणूस कोणत्या खुणांवरून पाऊल टाकतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे या विचारात घालविली, दक्षिण हिंदुस्थानातील सुवर्णधारी खडकांची खरी ओळख ज्यांनी जगाला करून दिली, आणि उतारवयात ज्यांनी बडोदे राज्याची भूमी पायाखाली घातली, त्या रॉबर्ट ब्रूस फूट यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्यासारखे आहे.

फूटसाहेबांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडातील चेल्टनहॅम या गावी झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे १८५८ च्या डिसेंबरात, ते हिंदुस्थानच्या भूस्तर-पाहणी खात्यात नोकरीस लागले. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या नावाने आपण ज्या खात्याला ओळखतो तेच हे खाते होय. त्या वेळी ते अगदी बाल्यावस्थेत होते. टॉमस ओल्डहॅम हे त्याचे प्रमुख होते, आणि एवढ्या विशाल देशाचे खडक तपासण्याचे काम मूठभर माणसांच्या शिरावर होते. फूटसाहेबांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली.

त्या काळी भूस्तरशास्त्रज्ञाचे जीवन सुखासीन नव्हते. हिवाळा लागला की तंबू, घोडा, बैलगाड्या आणि थोडे नोकर बरोबर घेऊन मुलूख पालथा घालावयाचा. ओढे, दऱ्या, विहिरी, रस्त्यांसाठी खणलेले चर, जेथे जेथे भूमीचे अंतरंग उघडे पडले असेल तेथे तेथे थांबून खडक पाहावयाचा, हातोडीने फोडावयाचा, त्याची नोंद करावयाची आणि नकाशात रंग भरावयाचा. पावसाळ्यात मुक्कामाच्या गावी परतून त्या नोंदींवरून अहवाल लिहावयाचा. ताप, हिवताप, उन्हाचा कडाका आणि एकान्त हे नेहमीचे सोबती. अशी एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल ३३ वर्षे फूटसाहेबांनी या खात्यात काढली.

त्यांच्या जीवनातील सर्वांत प्रसिद्ध दिवस त्यांना फार लवकर लाभला. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम् येथे कवायतीच्या मैदानालगत मुरूम काढण्यासाठी खणलेल्या एका खड्ड्यात त्यांना एक दगड दिसला. गारेच्या कठीण खडकाचा तो तुकडा इतर गोट्यांसारखाच होता. पण त्याच्या कडा मात्र आपोआप झिजलेल्या नव्हत्या, कोणी तरी हेतुपूर्वक छिलके काढून त्या धारदार केल्या होत्या. फ्रान्स देशात सोम नदीच्या काठी अशी दगडी हत्यारे सापडल्याची आणि ती अतिप्राचीन मानवाची असल्याची चर्चा तेव्हा युरोपात नुकतीच मान्य होऊ लागली होती. फूटसाहेबांनी ती चर्चा वाचलेली होती. म्हणूनच जो दगड पाहून दुसऱ्या कोणी पुढे पाऊल टाकले असते, तो त्यांनी उचलून हाती घेतला. हिंदुस्थानात पुराणाश्मयुगीन मानव वावरत होता याचा तो पहिला मान्य झालेला पुरावा ठरला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आपले सहकारी विल्यम किंग यांच्यासह त्यांना मद्रासच्या वायव्येस अत्तिरमपक्कम् येथेही अशी हत्यारे विपुल मिळाली. त्या स्थळाचे संशोधन पुढे दीर्घ काळ चालू राहिले, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लक्ष वर्षांपूर्वीची आहेत. फूटसाहेबांना भारतीय प्रागितिहासाचे जनक म्हणतात ते यामुळेच.

यानंतरचा त्यांचा बराच काळ ज्या मुलखात गेला तो मराठी वाचकांना जवळचा आहे. इंग्रज ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या बेळगाव, कलादगी, धारवाड या भागांची पाहणी त्यांच्याकडे आली. तेथील प्राचीन वालुकाश्म, चुनखडी आणि गारेच्या खडकांच्या थरांना त्यांनी कलादगी हे नाव दिले, आणि ते नाव आजही शास्त्रात रूढ आहे. गोकाकजवळ चिकदौली येथे एका ओढ्याच्या काठी त्यांना गेंड्याची अश्मीभूत हाडे सापडली. आज जेथे ज्वारीची शेते डोलतात, तेथे एके काळी गेंडे चरत होते! या गेंड्याचे वर्णन त्यांनी १८७४ साली प्रसिद्ध केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात दख्खनचे नाव गुंफले. या साऱ्या पाहणीचा त्यांचा विस्तृत ग्रंथ १८७६ साली बाहेर पडला.

याच भ्रमंतीत सोने त्यांच्या वाटेवर आले. धारवाड जिल्ह्यात गदगच्या आग्नेयेस कप्पतगुड्ड नावाच्या डोंगरांची रांग आहे. डंबळचे डोंगर असेही त्यांना म्हणत. या डोंगरांतून निघणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोने मिळते असा लौकिक फार जुना होता. ती वाळू धुऊन पोट भरणाऱ्या लोकांना तेथे जलगार म्हणत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातील राख आणि केर धुऊन सोन्याचांदीचे कण काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात, गुजरातीत त्याला धूळधोया म्हणतात. जलगार हे त्यांचेच भाऊबंद होत. फूटसाहेबांनी या डोंगरांची पाहणी करून १८७४ साली त्यांतील सुवर्णधारी खडकांविषयी आपला अहवाल प्रसिद्ध केला.

वाळूतून सोने काढण्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. सोन्याचा जडपणा पाण्याच्या १९ पट, आणि सामान्य वाळूचा अडीच पटींहून थोडा अधिक. म्हणून काठवटीसारख्या पसरट पात्रात वाळू व पाणी घेऊन ते हलक्या हाताने गोल फिरविले, की हलकी वाळू वर येते आणि पाण्याबरोबर काठावरून वाहून जाते. पुनःपुन्हा तसे केले म्हणजे शेवटी तळाशी चिमूटभर काळी वाळू राहते. ही काळी वाळू लोहाच्या खनिजाची असल्यामुळे तीही जड असते. त्या काळ्या रेषेच्या टोकाला, नशीब असेल तर, दोनचार पिवळे कण चमकतात. ओढ्यातही निसर्ग हेच काम करीत असतो. जेथे प्रवाहाचा वेग मंदावतो, जेथे वळणाच्या आतल्या बाजूस वाळू साचते, जेथे तळाच्या खडकात आडव्या भेगा असतात, तेथे जड सोने बसून राहते. अनुभवी माणूस ओढ्यात वाटेल तेथे हात घालीत नाही. तो आधी पाणी कसे वाहते ते पाहतो.

पण जलगाराचे काम जेथे संपते तेथे भूस्तरशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. जलगाराला सोने हवे असते, शास्त्रज्ञाला सोन्याचे घर हवे असते. ओढ्यातील कण वरच्या अंगाच्या कोणत्या तरी खडकातून सुटून आलेला असतो. तो लांबून आला असेल तर घरंगळून गुळगुळीत व चपटा होतो. उगमाजवळ असेल तर त्याचे कोपरे शाबूत असतात, कधी त्याला गारेचा पांढरा कणही चिकटलेला असतो. म्हणून एकेका ओढ्याची वाळू धुवावयाची, कोठे कण मिळतात आणि कोठे मिळत नाहीत हे नोंदवावयाचे, आणि वर वर सरकत जावयाचे. फूटसाहेबांनी ओढ्यांतील सोन्याचा संबंध भोवतालच्या खडकांशी जोडून पाहिला. सोने देणारे ओढे एका विशिष्ट जातीच्या, पापुद्रे सुटणाऱ्या, हिरवट काळसर खडकांच्या पट्ट्यातून उगम पावतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या पट्ट्यातून गारेच्या पांढऱ्या शिरा गेलेल्या होत्या, आणि सोन्याचे मूळ घर शोधावयाचे तर तेथेच शोधणे प्राप्त होते.

येथे त्यांच्या स्वभावाचा खरा कस लागला. सोन्याचे नाव निघाले की माणसाची बुद्धी चळते. सरकारी शास्त्रज्ञाने दोन शब्द उत्साहाचे लिहिले असते तर विलायतेतील धनिकांनी त्या डोंगरांकडे धाव घेतली असती, आणि लिहिणाऱ्याचे नावही गाजले असते. फूटसाहेबांनी मात्र जे पात्रात दिसले तेवढेच कागदावर उतरविले. सोने आहे हे सांगितले. ते थोडे आणि बारीक आहे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्यांनी तेथे खाणी खोदून पाहिल्या. परंतु त्या थोड्याच वर्षांत बंद पडल्या.

अशा संयमाचे मोल किती असते हे पुढील काही वर्षांतच दिसून आले. केरळ आणि निलगिरी यांच्या सीमेवरील वायनाड भागात गारेच्या शिरा होत्या आणि त्यांत सोन्याचा अंशही होता. विल्यम किंग यांनी तेथील पाहणी सावधपणे केली होती. परंतु १८७९ साली ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका तज्ज्ञाने तेथील सोन्याविषयी आशादायक अहवाल दिला, आणि लंडनच्या बाजारात एकच धुमाकूळ उडाला. १८८० व १८८१ या दोन वर्षांत वायनाडच्या नावाने कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. लक्षावधी पौंडांचे भागभांडवल गोळा झाले. यंत्रे आली, बंगले उठले, जंगलात रस्ते झाले. आणि खडक दळून पाहिला तेव्हा खर्च भागेल एवढेही सोने हाती लागेना. थोड्याच वर्षांत सारा डोलारा कोसळला. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती त्यांच्या हाती कागदाचे कपटे राहिले. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण अशा वेळी आठवते. एका अहवालातील अतिशयोक्ती शेकडो घरांची चूल विझवू शकते.

याच्या उलट चित्र मैसूर राज्यातील कोलार येथे दिसले. मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त सैनिकाने न्यूझीलंडमध्ये सोन्याच्या खाणी पाहिल्या होत्या. कोलारच्या ओसाड माळावर प्राचीन लोकांनी खणलेले खड्डे पाहून त्याने १८७३ साली तेथे खाणकामाची परवानगी मागितली. १८८० साली तेथे मैसूर कंपनी स्थापन झाली. प्रारंभी तिचेही दिवाळे वाजण्याची वेळ आली होती. परंतु जुन्या खड्ड्यांच्या खाली नेटाने उतरत गेल्यावर, १८८४-८५ च्या सुमारास, चॅम्पियन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली सोन्याची समृद्ध शीर हाती लागली. ही खाण पुढे ३ किलोमीटरांहून अधिक खोल गेली, आणि २००१ साली ती बंद होईपर्यंत तिच्यातून सुमारे ८०० टन सोने निघाले.

एकाच दक्षिणेत वायनाड बुडाले आणि कोलार तरले, असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराला फूटसाहेबांच्या कार्याने मोठा आधार मिळाला. धारवाडकडील पापुद्र्यांच्या खडकांचे पट्टे त्यांनी बेल्लारी, रायचूर, मैसूर असे दूरवर ताडून पाहिले. १८८७ साली मैसूर राज्यातील सुवर्णयुक्त पट्ट्यांची पाहणी त्यांनी केली. भोवतालच्या पट्टेदार ग्रॅनाइटी खडकांपासून हे खडक वेगळे आहेत, त्यांची एक स्वतंत्र माळ आहे, आणि दक्षिणेतील सोने मुख्यत्वे या माळेतच आढळते, असा निष्कर्ष त्यांनी १८८८ च्या सुमारास मांडला. या खडकसमूहास त्यांनी धारवाड असे नाव दिले. आज आपण जाणतो की हे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही प्राचीन आहेत. कोलार याच कुळातील, आणि रायचूर जिल्ह्यातील आजही चालू असलेली हट्टी येथील खाणही याच कुळातील. फूटसाहेबांनी स्वतः सोन्याचा हंडा खणून काढला नाही. त्यांनी त्याहून मोलाची गोष्ट दिली. सोने कोठे शोधावे आणि कोठे शोधू नये, याचा नकाशा त्यांनी दिला.

आजच्या विद्यार्थ्याच्या मनात येथे एक शंका येईल. आता तर धातुशोधक यंत्रे निघाली आहेत. मग खडकांचा एवढा अभ्यास कशाला हवा? या शंकेचे उत्तर देण्यासाठी ते यंत्र कसे चालते हे पाहावे लागेल. त्याच्या दांड्याच्या टोकाला तारेचे एक कडे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र जमिनीतील धातूच्या तुकड्याला भिडले की त्या तुकड्यात भोवऱ्यासारखे क्षीण प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला परत जाणवते. तोच आपल्या कानी पडणारा नाद. याच तत्त्वावर टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. गोळी नेमकी कोणत्या बाजूस आहे याविषयी डॉक्टरांची समजूतच चुकीची होती, आणि अंथरुणाखालच्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला भलताच नाद दिला.

सोन्याचे गोळे शोधणाऱ्यालाही नेमक्या याच दोन अडचणी येतात. कडे जमिनीला जवळजवळ टेकून, समपातळीत, सावकाश फिरवावे लागते. प्रत्येक झोत मागच्या झोतावर थोडा चढवावा लागतो, म्हणजे मधली जागा सुटत नाही. लहान कणासाठी प्रवाहाची आंदोलने जलद हवीत, खोलवरच्या मोठ्या गोळ्यासाठी वेगळ्या पद्धतीचे यंत्र हवे. पण सर्वांत मोठी अडचण जमिनीचीच असते. जमिनीत लोहाचा अंश अधिक असेल तर जमीनच बोलू लागते. कोकणातील जांभ्यासारख्या तांबड्या, लोहयुक्त भूमीवर यंत्र प्रथम त्या भूमीशी जुळवून घ्यावे लागते, तिचा आवाज वजा करावा लागतो, तेव्हा कोठे धातूचा खरा नाद वेगळा ऐकू येतो. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात अशा यंत्राच्या साहाय्याने सुमारे २७ किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला, हे खरे आहे. परंतु तो प्रांत मुळातच मोठमोठ्या गोळ्यांसाठी विख्यात. डंबळच्या ओढ्यांतील मोहरीहूनही बारीक कणांची चाहूल अशा यंत्राला लागणे दुरापास्त. यंत्र फार तर पायाखालच्या वीतभर भूमीची साक्ष देते. पाय कोणत्या भूमीवर ठेवावा हे खडक जाणणाराच सांगू शकतो.

१८९१ साली फूटसाहेब सरकारी सेवेतून निवृत्त झाले. वय ५७ वर्षांचे. बहुतेक इंग्रज अधिकारी अशा वेळी मायदेशी परतत. फूटसाहेब परतले नाहीत. ते बडोद्यास आले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८१ साली संपूर्ण राज्याधिकार हाती घेतल्यापासून राज्याच्या सर्वांगीण उन्नतीचा ध्यास घेतला होता. १८९० साली कलाभवन स्थापन होऊन हस्तोद्योगांना आणि यंत्रविद्येला आश्रय मिळाला होता. आपल्या भूमीत कोणती संपत्ती दडली आहे हे शास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहावे, हा त्याच धोरणाचा एक भाग होता, आणि त्या कामासाठी फूटसाहेबांसारखा अनुभवी पुरुष लाभला.

बडोदे राज्याची रचना विलक्षण होती. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत एकमेकांपासून तुटक, मधून मधून दुसऱ्यांचा मुलूख पसरलेला. उत्तरेस साबरमतीच्या काठापासून दक्षिणेस तापीच्या पलीकडे आणि पश्चिमेस काठेवाडपर्यंत त्यांना हिंडावे लागले. या परिश्रमांचे फळ म्हणजे बडोदे राज्याच्या भूस्तररचनेवरील त्यांचा ग्रंथ होय. तो १८९८ साली मद्रास येथे प्रसिद्ध झाला.

या शोधातून सोन्याची खाण निघाली नाही. ज्या राज्यात सोन्याच्या तोफा होत्या, त्याच्या भूमीला सोन्याचे वरदान नव्हते. त्याचे कारणही खडकांतच आहे. राज्याचा फार मोठा भाग नद्यांनी आणलेल्या गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाखाली झाकलेला. धारवाडकडील पट्ट्यांसारखी सुवर्णधारी माळ तेथे नाही. परंतु जे होते त्याची नोंद फूटसाहेबांनी सोन्याइतक्याच आदराने केली. संखेड्याच्या बाजूस सोनगीर येथील बांधकामास उत्तम असा वालुकाश्म, मोतीपुऱ्याचा हिरव्या छटांचा सुंदर संगमरवर यांचे वर्णन त्यांनी केले. गावाला घर बांधावयास चांगला दगड मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, हे त्यांना ठाऊक होते.

आणि येथेही त्यांच्या नजरेने मातीतील माणूस हेरला. १८९३ साली साबरमतीच्या पात्रात सादोलिया आणि पेढामली या गावांजवळ, गोट्यांच्या घट्ट थरात, त्यांना पुराणाश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. गुजरातच्या अतिप्राचीन इतिहासाचे पहिले पान त्या दिवशी उघडले. त्या थराच्या वर गाळाचा सुमारे ६० मीटर जाडीचा ढीग होता, आणि नवाश्मयुगीन लोकांच्या खुणा त्या ढिगाच्या माथ्यावर होत्या. या दोहोंमध्ये केवढा तरी काळ लोटला असला पाहिजे, आणि त्या काळात येथे मनुष्यवस्तीचा खंड पडला असावा, असे त्यांनी अनुमान केले.

हे अनुमान पुढच्या पिढीला आव्हान ठरले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकळिया १९४१ साली फूटसाहेबांच्या नोंदी घेऊन त्याच साबरमतीच्या काठी उतरले. त्यांना ती स्थळे सापडली; शिवाय मेहसाणे जिल्ह्यात लांघणज येथे लहान लहान गारगोट्यांची हत्यारे आणि पुढे मानवी सांगाडेही मिळाले. मधल्या काळाच्या अंधारात अशा रीतीने प्रकाश पडू लागला. पन्नास वर्षांनंतर दुसऱ्या माणसाला त्याच जागी जाऊन उभे राहता यावे, इतक्या काटेकोर नोंदी फूटसाहेबांनी ठेविल्या होत्या, हे ध्यानात घ्यावे. १९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि लगेच पुढच्या वर्षी तेथे पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला.

बडोद्यानंतर त्यांनी मैसूर राज्याच्या सेवेत काम केले. १८९४ साली तेथे स्थापन झालेल्या भूस्तर खात्याचे ते पहिले प्रमुख होत. उत्तर आयुष्य त्यांनी सेलमजवळच्या शेवरॉय डोंगरातील येरकाड या थंड हवेच्या गावी व्यतीत केले. चाळीसहून अधिक वर्षांत गोळा केलेली दगडी हत्यारे, मातीची भांडी, शंखांच्या बांगड्या यांचा त्यांचा प्रचंड संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने घेतला. प्रत्येक वस्तू कोठे व कशी मिळाली याची सूची करण्यात त्यांनी अखेरची वर्षे वेचली. बेल्लारीकडील राखेचे मोठमोठे ढिगारे कशाचे याविषयी नाना तर्क चालत; ते नवाश्मयुगीन गोपालकांच्या जळलेल्या शेणाचे आहेत, हे त्यांचे मत पुढील संशोधनाने ग्राह्य ठरविले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. येरकाडच्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या संग्रहाची सूची आणि टिपणे त्यांच्या पश्चात १९१४ व १९१६ साली छापली गेली.

त्यांच्या मृत्यूनंतर ३ वर्षांनी घडलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. रायचूर जिल्ह्यातील मस्की या गावी, जेथे फूटसाहेब पूर्वी हिंडले होते, १९१५ साली सी. बीडन नावाचे खाण-अभियंते सोन्याचा शोध घेत होते. त्यांना एका शिळेवर प्राचीन अक्षरे आढळली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला, आणि त्यात अशोक हे नाव प्रत्यक्ष कोरलेले होते. इतर शिलालेखांतील देवानांप्रिय प्रियदर्शी राजा म्हणजेच अशोक, ही गोष्ट त्या लेखाने निर्विवाद सिद्ध झाली. सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसाला त्या माळरानावर आपल्या इतिहासाचा एक अनमोल दुवा गवसला.

विद्यार्थिमित्रहो, फूटसाहेबांच्या चरित्रात रणभूमीचे पराक्रम नाहीत, की क्षणात लाभलेले वैभव नाही. पात्रात चार कण दिसले तर चारच लिहावेत, चाळीस लिहू नयेत. आणि एकही दिसला नाही तर तेही तितक्याच निर्भयपणे लिहावे, एवढे साधे व्रत त्यांनी आमरण पाळले. तुम्हांपैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी वैद्य, कोणी हिशेबनीस, कोणी शिक्षक. तुमच्या शब्दावर विसंबून लोक आपली पुंजी, आपले आरोग्य, आपली मुले तुमच्या स्वाधीन करतील. तेव्हा वायनाडचा अहवाल आठवा आणि डंबळचाही आठवा. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न येता वेगळेच उत्तर आले, तर खोडरबर बाजूला ठेवून आलेले उत्तर लिहा. त्या व्रताचा आरंभ येथेच, शाळेच्या बाकावर, करता येतो.